ताम्रकोटचा युवराज

राजाचा अंगरखा माझ्याकडे भाड्यानं मिळायचा. राज्य हवं असेल तर मात्र आधी सांगावं लागे, कारण ते प्रत्येक वेळी नवं बेतून द्यावं लागायचं.

रत्नागिरीत स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिंप्याचं दुकान होतं. पुढच्या बाजूला शाळेच्या खाकी चड्ड्या आणि कोर्टातल्या कारकुनांच्या पँटी. मागच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंका, आणि त्यांत मखमली अंगरखे, जिरेटोप, लाकडी तलवारी, राण्यांचे शालू, राक्षसांचे केस. नाटकवाले याला कपडेपट म्हणतात. शिमगा जवळ आला की पुढच्या बाजूला माशा मारायच्या आणि मागच्या खोलीत उभं राहायला जागा नसायची. एखादे कारकूनसाहेब पँटीच्या ट्रायलला यायचे आणि शेजारी राक्षसाला शिंगं घालून बघताना पाहून आल्यापावली परत जायचे. माझा खरा धंदा कुठला, असं बायको विचारायची. ऐंशीच्या दशकातली ती सगळी वर्षं मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे शिमग्यात गावोगाव नमन होतं. मृदंग आणि टाळांवर आधी देवांना नमन, मग गण, गवळण. मध्येच काळा मुखवटा घातलेला संकासूर येऊन लोकांना हसवतो आणि पोरांना रडवतो. शेवटी वग, म्हणजे नाटक. बायकांची कामंसुद्धा पुरुषच करतात. वग पौराणिक असतो, ऐतिहासिक असतो, नाहीतर काल्पनिक. हँडबिलावर तसं छापतातच, 'काल्पनिक वगनाट्य'. मी काल्पनिकवाला. एका मंडळाचे वग लिहिणारे गुरुजी ऐन वेळी बदलून गेले, मंडळ कपडे न्यायला माझ्याकडे आलेलं, आणि मी बोलून गेलो की मी देतो लिहून. शिंपी वग लिहिणार म्हणून लोक हसले. पण माझा एक फायदा होता. मी आधी माप घ्यायचो. टेप लावताच छाती फुगवतो तो राजा. काखेत टेप घातल्यावर गुदगुल्या होऊन हसतो तो विदूषक. आणि माप घेताना जो श्वास रोखून धरतो त्याला प्रधान करायचा, त्याच्या पोटात काहीतरी असतंच.

काल्पनिक म्हणजे काहीही चालतं, असं न लिहिणाऱ्यांना वाटतं. तसं मुळीच नाही. रामाला वनवास का, हे कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. माझा राजा वनात निघाला की पहिल्या रांगेतला म्हातारा विचारणार, का म्हणून? त्याला पटेल असं कारण द्यावं लागतं. एकदा हेदवीच्या बाजूला माझा वग चालू होता. राणी म्हणते, "तो पाहा, सागरातून सूर्य वर येत आहे." तेवढ्यात एक तांडेल, मचव्याचा म्होरक्या, उठून उभा राहिला. "ओ मास्तर, उगवतीला दर्या कुटला?" वग थांबला. राणी मिशा काढून आलेली, ती माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक राज्याचा समुद्र मावळतीला गेला तो कायमचा. उगवतीला डोंगर, मध्ये कातळ, कातळाखाली भात. माझ्या सगळ्या राज्यांत वैशाखात विहिरी आटतात. एकदा वाळवंट घालून बघितलं, ते कोणाला पटलं नाही.

आरे-वाऱ्याकडच्या एका मंडळानं मुंबईहून दोन तोंडांचा राक्षसाचा मुखवटा आणून ठेवला होता. वग होता शेताच्या बांधावरून दोन भावांच्या भांडणाचा, त्यात राक्षसाला काही काम नव्हतं. पण मुखवटा आणलेला, तो फुकट कसा घालवायचा? शेवटी मी राक्षसाला पंच केला. त्याची दोन तोंडं दोन्ही भावांचं म्हणणं एकाच वेळी ऐकतात आणि बांधाचा निकाल देतात. पुढे त्या गावात खरोखर कोणी कोणाचा बांध कोरला की लोक म्हणायचे, राकसाला बोलवा. मला या गोष्टीचा अजून अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या राज्यांवर खरी सत्ता चालायची ती रजेची. निम्मे नट मुंबईला. कोणी गोदीत, कोणी कापड बाजारात, कोणी कुठल्या ऑफिसात शिपाई. रजा कोणाला मिळाली, कोणाला नाही, हे कळल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही. ज्याला रजा नाही त्याला मी कैदेत टाकायचो, तीर्थयात्रेला धाडायचो, शाप देऊन दगड करायचो. एका महाराजांचा साहेब फार खडूस होता. महाराजांची शिळा झाली, आणि ती शिळा म्हणून आम्ही काळा रंग दिलेलं एक गोणपाट ठेवलं. पुढल्या शिमग्याला साहेब पावला आणि महाराज उठून बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझं काही नव्हतं, रजेचा अर्ज मंजूर झाला होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

जयगडच्या खाडीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. त्या वाडीसाठी मी एक राज्य बेतलं, ताम्रकोट. महाराज वज्रसेन आणि त्यांचा एकुलता युवराज इंद्रतेज. इतर बहुतेक मंडळांना दरवर्षी नवं राज्य लागायचं. या वाडीनं सांगितलं, आम्हाला हेच पाहिजे, पुढे काय झालं ते सांगा. मग दर शिमग्याला ताम्रकोटची गोष्ट पुढे जायची. बायका विचारायच्या, महाराणींचं माहेर कुठलं? मी माहेर द्यायचो. पोरं विचारायची, भुयार कुठे निघतं? मी भुयाराला तोंड द्यायचो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी शिंप्याच्या खडूनं ताम्रकोटचा नकाशाच काढून ठेवला होता. वाडीतल्या एका वासराचं नाव प्रधानाच्या घोड्यावरून ठेवलेलं मी स्वतः ऐकलं आहे. एवढं राज्य माझ्या हातून दुसरं झालं नाही.

त्या वाडीची एक रीत होती. वग लिहून झाला की तो आधी देवळात वाचायचा, दिवसाउजेडी, सगळ्या वाडीसमोर. ग्रामदेवतेपुढे ताटात पानाचे विडे मांडलेले असत, प्रत्येक सोंगाचा एक. वाचता वाचता सोंगाचं नाव आलं की ज्या घराचा मान असेल त्या घरचा माणूस उठून आपला विडा उचलायचा. विडा उचलला की सोंग त्याचं. दुसऱ्या घरचा माणूस त्याला हात लावू शकत नाही. घरच्यांनी आपण होऊन विडा दुसऱ्याच्या हातात दिला तरच ते सोंग त्या घरातून बाहेर जायचं.

युवराजाचा मान पारूकाकीच्या घराचा. काकीचा नवरा आधी सोंगं करायचा, तो गेल्यावर एकुलता मुलगा वसंत युवराज झाला. वसंत मुंबईला गोदीत होता. उंच, काळासावळा, आवाज खणखणीत. नव्या अंगरख्याचं माप घेताना बडबडत असायचा, त्यामुळे त्याचे अंगरखे मला नेहमी दुरुस्त करावे लागायचे. त्याचं लग्न झालं त्या वर्षी मी युवराजाचंही लग्न लावून दिलं. सुमन, त्याची बायको, बायकांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून हसत बसली होती.

पुढे वसंताला मालवाहू बोटीवर खलाशाचं काम लागलं. जायच्या आधी तो मुद्दाम दुकानात आला.

"मास्तर, यंदा शिमग्याला जमनार नाय. युवराजाला कुटं तरी धाडा."

"कैदेत टाकू?"

"नको, आयेला बरं वाटायचं नाय. आनि मारू पन नका हां. मी परत येनार हाय."

मग मी महाराज वज्रसेनांना दुखणं लावलं आणि युवराजाला सात समुद्रांपलीकडे संजीवनवेल आणायला पाठवलं. खलाशाला समुद्राशिवाय कुठे पाठवणार? त्या वर्षी देवळात वाचन झालं तेव्हा युवराजाचा विडा पारूकाकीनं उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, "ऱ्हाऊंदे, पोर आला की दीन." सगळ्यांना कौतुक वाटलं.

त्याच पावसाळ्यात बातमी आली. वाडीच्या माणसांची मुंबईत एक खोली होती, तिथे आधी कळलं आणि मग गावाला. वादळात बोट कलंडली होती. थोडी माणसं दुसऱ्या बोटीनं उचलली, त्यांत वसंत नव्हता. जी वाचली ती दुसऱ्या मुलखांतली, त्यांना विचारायला कोण जाणार? तरी खोलीवाल्यांनी एकाला गाठलं. तो म्हणाला, काळोखात कोणी कोणाला बघितलं नाही. देह मिळाला नाही.

पारूकाकीनं एवढंच धरून ठेवलं. "कोनी बगलं नाय ना? मंग?"

तिनं दिवस घालू दिले नाहीत. सुमनचं मंगळसूत्र कोणाला काढू दिलं नाही. आणि पुढच्या शिमग्याच्या वाचनाला येऊन तिनं युवराजाचा विडा उचलला आणि पदरात बांधला. मी वाचत होतो. पुढचं वाक्य कुठे आहे तेच मला दिसेना.

त्या वगात युवराजाला मी नुसताच दूर ठेवला होता. बातमी कळल्यावर दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं. दूताच्या तोंडी एक वाक्य होतं, वारा पडला आहे म्हणून युवराजांचं जहाज थांबलं आहे. सहज लिहिलेलं वाक्य. पण पारूकाकी ते घेऊन घरी गेली.

पुढल्या वर्षापासून मार्गशीर्षात ती माझ्या दुकानात यायला लागली. पहिल्या एस.टी.नं यायची, फडक्यात आमसुलं बांधून आणायची आणि मशीनसमोरच्या बाकड्यावर बसायची. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायची. भात कसं झालं, पाण्याची काय गत. मग विचारायची, "मास्तर, यंदा युवराजाचा काय निरोप हाय?"

पहिल्यांदा मी चपापलो. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"मी येडी नाय मास्तर," ती म्हणाली. "तुमचं ताम्रकोट कुटं नाय, ह्ये मना म्हायती हाय. पन खऱ्या जगातनं मना निरोप येत नाय. मंग दुसऱ्या कुटनं घेऊ?"

मी पायडल मारत बसलो. कापड सुईखाली नव्हतं हे मला नंतर कळलं.

मग मी तिला निरोप द्यायला लागलो. एका वर्षी युवराजांचं जहाज एका बेटाला लागलं, तिथले लोक चांगले आहेत, भात खातात. एका वर्षी वेल मिळाली पण परतीची वाट चुकली. मी पोटापाण्याला कपडे शिवत होतो, हौसेनं राज्यं लिहीत होतो, आणि आता एका म्हातारीचा मुलगा माझ्या हातात येऊन पडला होता. लिहून झालं की वाटायचं, अजून एक वर्ष गेलं बिचारीचं.

मंडळाचे सेक्रेटरी धोंडूभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण मंडळ चालवायचं होतं. ते एकदा चिडूनच आले. "मास्तर, युवराजाशिवाय वग किती चालवायचा? म्हाराज म्हातारा झाला, राजगादीला कोन? मानसं कंटाळली. दुसऱ्या कुनाला सोंग द्यायचं तर इडा म्हातारीच्या पदरात. आमी तिच्या तोंडाला तोंड देऊ शकत नाय. तुमीच काय तो निकाल लावा."

"म्हणजे काय करू?"

ते बाहेर गल्लीकडे बघत म्हणाले, "तुमाला ठावं हाय."

मी म्हणालो, बघू. आणि काही बघितलं नाही. वाडीतला एक माणूस मारायचा तर मी आधी शिंपीकाम तरी सोडून देईन, असं मी मनाशी म्हणायचो. कागदावर मी तोवर कितीतरी राजे मारले होते. एखादा नट भांडला म्हणून पहिल्याच प्रवेशात त्याला विष पाजलं होतं. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी पारूकाकी यायच्या आधी सुमन आली. एकटीच. मी तिला लग्नाच्या वर्षी नीट पाहिलेली, हसणारी. आता चेहरा ओढलेला, कपाळाला कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र मात्र जिथल्या तिथे. बाकड्यावर बसली नाही. दाराशी उभी राहिली.

"मास्तर, एक सांगाया आल्ये. कुनाला बोलू नका."

"बस तरी. चहा सांगतो."

"नको. गाडी हाय माजी." मग म्हणाली, "त्यास्नी एकदा मारा."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"रोज दोन टायमाला त्यांचं पान वाढाया लागतं. आयेचा हुकूम हाय. पानी पन ठेवाया लागतं. मंग थोड्या टायमानं आये म्हनते, आज पन उशीर जाला वाटतं, तू जेवून घे. आनि मी त्यांच्या पानातलं जेवतंय. किती वरसं जेवू मास्तर?"

मग तिनं पुढचं सांगितलं. तिला माहेरच्या गावी बालवाडीत काम मिळत होतं. सासूला एकटं टाकून जायचं तिच्या मनात नव्हतं, सासूलाही बरोबर नेणार होती. पण काकी घर सोडायला तयार नव्हती. दाराला कुलूप दिसलं तर पोर परत जाईल, असं म्हणायची.

"तू सांगून बघ ना तिला."

"मी सांगितलं तर मी वैरीन. गावानं सांगितलं तर गाव वैरी. तुमचं ऐकंल ती. तुमच्याकडनंच तर निरोप घेते."

"सुमन, ते खोटं असतं गं. मी रचून सांगतो."

"म्हनूनच सांगतंय," ती म्हणाली. "खरं तिला सगळ्यांनी सांगून बगलं."

ती गेली. दोन दिवसांनी पारूकाकी आली, आमसुलं घेऊन. भाताचं बोलली, पाण्याचं बोलली, मग निरोप विचारला. मी पहिल्यांदाच तिला म्हणालो, "काकी, यंदा अजून सुचलं नाही. देवळातच ऐका." ती माझ्याकडे बघत राहिली. मग नेहमीसारखी उठली, फडकं झटकून त्याची घडी केली आणि काही न विचारता स्टँडकडे गेली.

त्या वर्षीचा वग लिहायला मला जेवढे दिवस लागले तेवढे दुसऱ्या कुठल्याच वगाला लागले नाहीत. मी युवराजाला मारलं. पुष्कळ फाडलं, पुन्हा लिहिलं, आणि मारलं. रोगानं नाही, दगाफटक्यानं नाही. वेल घेऊन परत येताना वादळ होतं, जहाज बुडतं, युवराज वेलीची पुडी एका खलाशाकडे देतो आणि स्वतः पाण्यात जातो. वेल ताम्रकोटला पोचते, महाराज बरे होतात. माझ्या परीनं मी त्याला मानाचं मरण दिलं. एखाद्या आईला त्याचा काय उपयोग, हे मला लिहितानाही कळत होतं.

पुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला त्या दिवसापाशी थांबता येईल. सुमननं बालवाडीत काम केलं आणि चांगलं केलं. पारूकाकी तिच्याबरोबर तिच्या माहेरी जाऊन राहिली आणि तिथेच गेली. तिचं सगळं सुमननंच केलं. युवराजाचा विडा काकीनं स्वतः धोंडूभाऊंच्या पुतण्याच्या हातात दिला. त्याला महाराजांचा पुतण्या करून, ताम्रकोटच्या गादीवर बसवून मी ती गोष्ट चालू ठेवली, पण तिच्यात जीव राहिला नाही. माझ्यातही राहिला नव्हता. हळूहळू मी लिहिणं सोडलं. तयार कपडे आले तसं पुढचं दुकान बसलं. कपडेपटाची मखमल पावसाळी हवेनं खाल्ली, राहिलेलं एका मंडळाला देऊन टाकलं. भिंतीवरचा नकाशा चुना मारताना गेला. लोक भेटले की अजून म्हणतात, मास्तर, ताम्रकोटसारखं राज्य पुन्हा जालं नाय. मी हसून मान हलवतो. मला त्या राज्यातला एकच दिवस आठवतो.

वाचनाचा दिवस. देवळात माणूस मावत नव्हतं. शेतात काम नव्हतं, शिमग्याला मुंबईकर यायला अवकाश होता, त्यामुळे म्हातारी माणसं, बायका आणि पोरंच जास्त. विडे मांडलेले. पारूकाकी खांबाला टेकून बसली होती, सुमन तिच्या मागे दोन बायका सोडून. मी वाचायला लागलो. महाराजांचा विडा उचलला गेला, प्रधानाचा गेला, महाराणीचा मिशाळ माणसानं उचलला तेव्हा पोरं नेहमीसारखी हसली. मग दूताचा प्रवेश आला.

मी मान वर न करता वाचलं. वादळ वाचलं, जहाज वाचलं, वेलीची पुडी वाचली. "युवराज इंद्रतेज सागरार्पण झाले," एवढं वाचून थांबलो. ताटात युवराजाचा विडा तसाच होता. बाहेर देवळाच्या कौलावर माकडं नाचत होती, तेवढाच आवाज.

पारूकाकी उठली. मला वाटलं ती विडा उचलणार. धोंडूभाऊंनाही तसंच वाटलं असावं, ते पुढे सरसावले. पण ती ताटाकडे गेलीच नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी बसलेला, ती उभी.

"मास्तर," ती म्हणाली, "बुडाला तवा त्याच्यापाशी कोन व्हता?"

हे मी लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला इतकं विचारलं होतं, समुद्र कुठे, भुयार कुठे, माहेर कुठलं. प्रत्येकाला मी उत्तर बेतून दिलं होतं. या प्रश्नाला हातात काही नव्हतं. तिच्या मागे सुमन दिसत होती, तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"होता, काकी," मी म्हणालो. "एक तांडेल होता. त्यानं हात धरला होता त्याचा."

"म्हातारा?"

"हो. तुमच्या वयाचा."

"सोडला नाय ना?"

"शेवटपर्यंत नाही सोडला."

मी काय बोललो ते ती नीट तपासून घेत असावी. मला वाटलं ती म्हणेल, खोटं बोलताय मास्तर. तिला ते ठाऊकच होतं. सगळ्या देवळाला ठाऊक होतं.

"तसं लिव्हा मंग," ती म्हणाली. "लिव्हा, आमाला दिसूंदे."

मी कागद मांडीवर घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तांडेलाचं लिहिलं. माझं लिहून होईपर्यंत ती हललीही नाही. मग म्हणाली, "वाचा." मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

पारूकाकीनं मान हलवली. जमिनीला हात टेकत हळूहळू खाली बसली, मागे वळून सुमनकडे बघितलं आणि म्हणाली, "ये गो. आता रडाया हरकत नाय."

सुमन बायकांमधून वाट काढत आली आणि तिच्या कुशीत शिरली. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.